पगारी गिऱ्हाईक

पडद्यांच्या दुकानात पुढे सोफा असतो आणि मागे मशीनं. सोफ्यावर गिऱ्हाईक बसतं, मशीनवर कामगार. वहिनी दोन्हीकडे बसायची. मागे बसली की कामगार, पुढे बसली की गिऱ्हाईक; आणि कधी कुठे बसायचं ते तपासणी साहेबांच्या स्कूटरवर अवलंबून असायचं.

तिला सगळे वहिनी म्हणत, कारण दुकानातला कटिंग मास्तर तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याने तिला कामाला आणलं तेव्हा "ही आमची वहिनी" एवढीच ओळख करून दिली आणि तीच तिला चिकटली. मालक वयाने कितीतरी मोठे, पण तेही तिला वहिनीच म्हणायचे. नात्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे दुकानात नात्यांची चैन होती. सगळ्यात जुन्या शिलाईवालीला सगळे ताई म्हणत. वहिनी तर तिला 'ए ताई' म्हणायची, आणि ताई तिला 'बये'. दोघींची मशीनं शेजारी शेजारी. एकीचा दोरा संपला की दुसरीने न विचारता रीळ पुढे करायचं, एकीचा डबा राहिला की दुसरीने अर्धा काढून द्यायचा. वहिनीला सख्खी बहीण नव्हती, आणि ताईच्या शेजारी बसल्यापासून तिला ती नसल्याचं दुःखही उरलं नव्हतं.

आता कायद्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. कायदा असा होता: ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, त्या मालकाने सगळ्यांचा आरोग्य विमा काढायचा. कामगाराचा, त्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा, मुलांचा, आईबापांचा. नऊ माणसं असतील तर नाही काढला तरी चालेल. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. हेतू नेहमी चांगलाच असतो. पण झालं असं, की त्या गल्लीत दहावं माणूस जन्माला यायचंच बंद झालं. छापखान्यात नऊ, खोकी बनवणाऱ्याकडे नऊ, फ्रेमवाल्याकडे नऊ. बेकरीवाल्याकडे बारा होते. त्याने तिघांना नारळ दिला आणि पीठ मळायचं यंत्र आणलं. यंत्राला ताप येत नाही आणि यंत्राची बायको बाळंत होत नाही.

पडद्यांचे मालक दुष्ट होते असं म्हणता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. तसे ते नव्हते. कुणाच्या घरी काही झालं तर स्वतः जाऊन बसायचे, अडीनडीला उचल द्यायचे. दुकान त्यांच्या वडिलांचं, भाडं दरवर्षी वाढणारं, आणि समोर मोठ्या बाजारात तयार पडद्यांचे ढीग पडलेले. ते म्हणायचे, दहावं माणूस घ्यायचं म्हणजे एकाला पगार देणं नव्हे, दहा घरांची आजारपणं दत्तक घेणं आहे. आणि ते खोटं नव्हतं. पण काम वाढलं होतं आणि नऊ जणांच्या हातून ते उरकत नव्हतं, हेही खोटं नव्हतं. त्यातून मालकांनी काढलेली वाट म्हणजे वहिनी. काम करायला दहा माणसं, मोजायला नऊ.

म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. भांडं लपवायची जागा म्हणजे पुढचा सोफा. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करणारा बसायचा. साहेबांची स्कूटर वळताना दिसली की तो दुकानात फोन करायचा आणि दोनदा वाजवून बंद करायचा. मग वहिनीने एप्रन काढून मशीनखाली कोंबायचा, खुंटीवरची पर्स घ्यायची, केसांवरचे दोरे झटकायचे आणि सोफ्यावर जाऊन बसायचं. पर्स मालकीणबाईंची जुनी होती. आत वर्तमानपत्राचे बोळे होते, नाहीतर ती चपटी दिसायची.

पहिल्यांदा साहेब आले तेव्हा तिला फक्त गप्प बसायला सांगितलं होतं. पण वहिनीला वाटलं, पडद्याच्या दुकानात येऊन गप्प बसणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलंय? साहेब दारातून आत आले आणि तिने मालकांना झापायला सुरुवात केली. हा भाव कुठला लावता, हे अस्तर दोन धुण्यात विटणार, मागच्या वेळी कडेची शिवण तिरकी होती. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे मशीनवर नऊ माणसं हसू दाबून बसली होती. साहेबांनी ती नऊ माणसं मोजली, सह्या घेतल्या, आणि जाता जाता तिच्याजवळ थांबून विचारलं की आमच्या घरी दुपारचं ऊन फार येतं, हे जाड कापड चालेल का. वहिनीने सांगितलं, जाड घेऊ नका, अंधार होईल. फिकट घ्या आणि आतून दुहेरी अस्तर लावा. साहेबांनी खरंच तसे पडदे करून घेतले. त्या दुकानातून सरकारला गेलेला तेवढाच एक खरा सल्ला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. वहिनीने तेही आणून दाखवलं. पुढच्या खेपेला साहेबांनी तिला ओळखलं आणि विचारलं, झाले का तुमचे पडदे. तिने सांगितलं, दिवाणखान्याचे झाले, आता वरच्या खोलीचे. त्यापुढच्या खेपेला वरच्या खोलीला गॅलरी फुटली. वहिनी राहायची ती एका खोलीत. तिला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. पण तिचं सोफ्यावरचं घर दर तपासणीला वाढत होतं. घरी जाऊन ती नवऱ्याला सांगायची आणि तो पलंगावर पडल्या पडल्या त्यात भर घालायचा. तो इमारती रंगवणारा. म्हणायचा, गॅलरीच्या आतल्या बाजूला पिस्ता रंग देऊ, आणि पुढच्या वेळी साहेबाला सांग, जिन्यालाही खिडकी आहे. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. तिला ते सोंग आवडायचं, हे कबूल करायला हवं. दिवसभर खाली मान घालून शिवणाऱ्या बाईला कुणीतरी 'बसा' म्हणतं, 'चहा घेणार का' विचारतं, हे वर्षातून दोनदा झालं तरी बरं वाटतं. दुकानात तिला सोफावाली म्हणून चिडवायचे आणि ती चिडायची नाही.

नवरा पलंगावर होता, कारण तो परांचीवरून पडला होता. परांची म्हणजे बांधकामावरच्या बांबूंवर बांधलेली फळी. पडला तेव्हा वाटलं मुका मार आहे. पण खुब्याचा सांधा आतून झिजत गेला. आधी काठी आली, मग काठीनेही जमेना. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलावा लागेल, आणि याच वर्षात. उशीर केला तर दुसरा पायही जाईल, मग कायमचं अंथरूण. सरकारी रुग्णालयातली रांग तीन वर्षांची होती. खाजगीतला खर्च ऐकून वहिनी नुसतीच 'बरं' म्हणून बाहेर आली. विमा असता तर तो त्यातून भागला असता. विमा नव्हता, कारण ती दहावी होती. आणि ती दहावी होती म्हणूनच बाकीच्या नऊ जणांचाही नव्हता. हे गणित तिने एकदा ताईला बोलून दाखवलं. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा वहिनीच ओवून द्यायची. ताई म्हणाली, बये, तू खरी झालीस तर मालक एकाला काढतील, आणि ती मी असेन, कारण मला आता दिसत नाही. वहिनी मूग गिळून बसली. नऊच्या नऊ जण तसेच बसले होते. दहावीला लपवायचं काम एकटे मालक करत नव्हते, सगळं दुकान करत होतं, हे तिला तेव्हा थोडं कळलं आणि तिने ते बाजूला सारलं.

मग हॉटेलचं काम आलं. शहराबाहेर एक मोठं हॉटेल होत होतं आणि त्याच्या सगळ्या खोल्यांचे पडदे एकाच ठिकाणी करून घ्यायचे होते. मालकांनी नमुने पाठवले, ते पसंत पडले. त्यांतल्या चुण्या वहिनीने हाताने घातल्या होत्या. पण हॉटेलची एक अट होती: ज्याच्याकडे किमान दहा कामगार आहेत आणि सगळ्यांचा विमा आहे, त्यालाच काम मिळेल. बाहेरच्या देशातले मोठे लोक, त्यांना सगळं स्वच्छ लागतं.

मालक दोन दिवस हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मशीनं थांबवायला सांगितली आणि म्हणाले, आपण दहा होतोय. विमा काढतोय. सगळ्यांचा.

त्या दुपारी शिवण झालीच नाही. कटिंग मास्तर आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांचा हिशेब सांगत सुटला. ताई रडली आणि रडताना म्हणाली की रडून डोळ्यांवर ताण येतो, आता पुसा कुणीतरी. वहिनीने तिचे डोळे आपल्या एप्रनने पुसले. संध्याकाळी ती घरी न जाता सरळ डॉक्टरांकडे गेली आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आली. नवऱ्याला तारीख सांगितली तेव्हा तो म्हणाला, पहिलं काम आपल्या खोलीचं करीन. छताला पोपडे आलेत, रोज बघतोय.

घोडं अडलं ते नंतर. दहा कामगार आहेत हे कागदावर लिहून भागत नाही. साहेब येऊन प्रत्यक्ष बघणार, नावं ताडणार, मग विमा लागू होणार. आणि येणार ते हेच साहेब. जिन्याच्या खिडकीपर्यंत घर ऐकून घेतलेले.

मालकांनी वहिनीला पुढे बोलावलं. सोफ्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. ते म्हणाले, साहेब तुम्हाला ओळखतात. तुम्ही कामगार निघालात तर ते विचारतील, कधीपासून? मग मागची सगळी वर्षं निघतील. दंड, मागचे हप्ते, खोटी माहिती दिली म्हणून दुकानाचा परवाना. हॉटेल तर जाईलच, दुकानही जाईल. तुमच्याबरोबर नऊ जण रस्त्यावर येतील.

वहिनीने सुचवायचं ते सगळं सुचवलं. केस कापते, चष्मा लावते. शेवटी म्हणाली, सांगा की गिऱ्हाईक होते, पण काम आवडलं म्हणून नोकरीलाच लागले. मालकांना हसू आलं, तिला नाही. ते म्हणाले, एक वर्ष कळ काढा वहिनी, साहेबांची बदली होईल, मग तुमचं नाव पहिलं.

"आणि दहावं कोण?"

दहावा म्हणून मालकांचा मेहुणा. चमच्यापेक्षा जड वस्तू ज्याने आयुष्यात उचलली नव्हती असा गृहस्थ. शिलाईमशीनचं चाक कुठल्या दिशेला फिरतं हे त्याला माहीत नव्हतं. पण साहेबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, एवढी लायकी पुरेशी होती. सहा वर्षं शिवणारी गिऱ्हाईक ठरली आणि कधीही न शिवलेला कामगार. वहिनीने सोंग वाईट वठवलं असतं, गप्प बसली असती, साहेबांच्या ध्यानातही राहिली नसती, तर आज तिचं नाव लागलं असतं. तिच्या हुशारीनेच तिचा घात केला होता, आणि ती हुशारी तिने कुणासाठी वापरली होती हे ती समोर उभ्या माणसाला सांगूही शकली नाही.

नवऱ्याला तिने काहीच सांगितलं नाही. तारीख रद्दही केली नाही. माणूस बुडताना काय धरतो हे त्यालाच ठाऊक. तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख धरून ठेवली होती.

तपासणीच्या दिवशी तिने घरीच थांबायचं ठरलं होतं. पण हॉटेलवाल्यांनी आदल्या दिवशी आणखी एक नमुना मागितला, आणि चुण्यांचं काम दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नव्हतं. मालक म्हणाले, सकाळी येऊन तेवढं करून जा, साहेब दुपारी येणार आहेत. साहेब सकाळीच आले. किल्लीवाला त्या दिवशी नव्हता, त्याच्या मुलीला बरं नव्हतं. दारावरची घंटा वाजली आणि साहेबांचा आवाज आला. वहिनीच्या मांडीवर पडदा होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने एप्रन काढला, पर्स घेतली आणि पुढे जाऊन बसली. पाय आपोआपच गेले.

साहेब खुशीत होते. गल्लीत पहिल्यांदाच कुणी आपणहून दहा झालं होतं. "तुम्हीही आलात का," असं तिला म्हणाले आणि मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. दार उघडंच होतं. एकेकाचं नाव, सही, घरात कोण कोण. कटिंग मास्तर झाला, ताई झाली. वहिनी मांडीवर कापडाचे नमुने घेऊन ऐकत होती. मेहुणा सकाळपासून तिच्याच मशीनवर बसला होता, सुईत दोरा नसलेल्या. साहेबांनी त्याला विचारलं, घरात कोण. बायको, तो म्हणाला, आणि आई, आईचा खुबा दुखतो, तेही धरतात का विम्यात?

साहेब म्हणाले, धरतात.

वहिनीला पुढे आठवायचं नाही की ती उठली कधी. नमुने खाली पडले. ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मी गिऱ्हाईक नाही. मी इथे काम करते. सहा वर्षं झाली. हे मशीन माझं आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मालकांकडे पाहिलं. मालक भिंतीवरच्या दांड्यांकडे बघत होते, जणू त्या आजच लागल्या होत्या. मेहुणा खुर्चीवरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

"तुमचं ते घर?" साहेबांनी विचारलं.

"नाही घर. एक खोली आहे. माझा नवरा पलंगावर आहे." मग तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं सुईने चाळण झाली होती. साहेबांनी ती पाहिली. नीट पाहिली, असं म्हणावं लागेल. आणि म्हणाले, घरी शिवत असाल.

त्यांना कळलं होतं. ते काही दूधखुळे नव्हते. पण सहा वर्षं ते स्वतः त्या दुकानात येत होते, स्वतः नऊ माणसं मोजत होते आणि खाली सही करत होते. ही बाई खरी ठरली तर त्या सगळ्या सह्या खोट्या ठरत होत्या. मालकांचा परवाना जाणार होता तसंच साहेबांचंही काहीतरी जाणार होतं, आणि प्रत्येकाला आपलं जाणार आहे तेवढंच स्पष्ट दिसतं. तरी ते न्यायी माणूस. एकदम कानांवर हात ठेवले नाहीत. मागे बसलेल्या सगळ्यांकडे वळले आणि विचारलं, "या बाई इथे काम करतात का?"

मशीनं बंदच होती. कटिंग मास्तर, ज्याने तिला आणलं, ज्याने तिच्या नवऱ्याबरोबर एका ताटात जेवणं केली होती, तो मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत होता. गुंडाळून झाली की सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. वहिनी ताईकडे बघत होती. दुसऱ्या कुणाकडे बघायची तिला गरजच वाटली नाही. ताई आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं तिला खरोखर वाटलं.

ताईने मान वर केली. त्या डोळ्यांना या अंतरावरून चेहरे पुसट दिसायचे. कदाचित त्यामुळेच सोपं गेलं असेल.

"नाही हो साहेब," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक आहेत त्या. जुन्या आहेत, म्हणून हक्काने आतपर्यंत येतात." आणि मग वहिनीकडे वळून, दुकानात परक्या बाईशी बोलतात त्या गोड आवाजात, "अहो बाई, तुम्ही कशाला त्रास करून घेता? पडदे झाले की आम्ही निरोप पाठवू ना तुम्हाला."

सहा वर्षांत ताईने तिला शिव्या घातल्या होत्या, तिचे लाड केले होते, एकदा रागावून गालावर चापटीही मारली होती. 'तुम्ही' कधी म्हटलं नव्हतं.

मारलं असतं तर हात धरता आला असता, खोटं ठरवलं असतं तर भांडता आलं असतं. पण ताईने तिला नुसतं ओळखायचं सोडून दिलं होतं. वहिनी पुढच्या दाराने बाहेर पडली. मालकांनी धावत येऊन दार उघडून धरलं. सवयीने म्हणालेही, पुन्हा या. साहेबांनी आत टोपण काढलं आणि दहा हा आकडा लिहिला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, मालकांनी सोफ्यावर बसवलं तिथपासून. तो चिडेल, मास्तराला शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. पण तो छताकडे बघत म्हणाला की उन्हं उतरली की जरा खिडकी लाव, गार लागतं. चिठ्ठीवरची तारीख पुढच्याच आठवड्याची होती. तिने चिठ्ठी घडी करून डब्याखाली ठेवली, कारण फेकायची तर कुठे फेकायची हेही कळेना.

संध्याकाळी ताई आली. दाराशी आली तेव्हाच चपलांच्या आवाजावरून दोघांना कळलं. एरवी ती बाहेरूनच हाका मारत यायची, बये दार उघड, काय केलंस आज, तुझा राजा उठून बसला का? आज दार वाजवलं. हातात वहिनीची कात्री होती, फडक्यात गुंडाळलेली. ती तिची स्वतःची होती, मशीनच्या खणात राहिली होती.

ताई उंबऱ्यावरच बोलायला लागली. ऐक ना बये, म्हणाली. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत एक डोळा जाईल. मग मला कोण ठेवील? सून दारात तरी उभी करील का? आणि तुझं नाव लागलं असतं तर कुणाचंच लागलं नसतं, तू पण बुडाली असतीस, आम्ही पण. निदान नऊ तरी वाचले. हे सगळं ती भराभर बोलली. वाटेत पाठ करत आली असावी. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ताई शिव्या खायच्या तयारीने आली होती. वहिनीने तिच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या तर तिने त्या पोटात घातल्या असत्या, रडली असती, वहिनीच्या गळ्यात पडली असती, आणि उद्या परवा दोघी पुन्हा एका डब्यात जेवल्या असत्या. पलंगावरून नवराही त्याचीच वाट बघत होता.

वहिनीने कात्री घेतली. पदर सारखा केला, एकुलती एक खुर्ची झटकून पुढे ओढली.

"या ना बाई, आत या," ती म्हणाली. "बसा. तुम्ही पाणी घेणार का?"

ताईचं तोंड उघडंच राहिलं. तिने एकदा वहिनीच्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान भिंतीकडे वळवली. मग ती आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. वहिनीने पाणी दिलं ते खाली थाळी धरून, पाहुण्याला देतात तसं. ताई ते सगळं प्यायली, थाळी कुठे ठेवायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि "येते हं" म्हणून उठली. तिला दाराची कडी नीट दिसेना. वहिनीने ती काढून दिली.